हात वर न करता दिलेले उत्तर

‘समजले का?’ असे विचारले की सगळा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो आणि त्या होकाराला काडीचाही अर्थ नसतो. प्रश्नाला हात वर करणारी चार-पाच मुले ठरलेली असतात. बाकीच्यांपैकी काहींना उत्तर येत असूनही, चुकलो तर हसे होईल या धास्तीने ती गप्प बसतात. यावर टॅबलेट वाटणे हाच उपाय, अशी समजूत सध्या फोफावली आहे. ‘प्लिकर्स’ या पद्धतीत मात्र छापील कार्डे आणि शिक्षकांचा एक मोबाइल एवढ्यावर काम भागते.

प्रत्येक मुलाच्या कार्डावर वेगळी काळी-पांढरी आकृती असते आणि तिच्या चार बाजूंना बारीक ठशात ए, बी, सी, डी ही अक्षरे असतात. आपल्या उत्तराचे अक्षर वरच्या बाजूला येईल असे कार्ड धरायचे. शेजाऱ्याला ते सहजी वाचता येत नाही. शिक्षकांनी वर्गावरून कॅमेरा फिरवला की कोणी काय उत्तर दिले, ते मोबाइलवर उमटते.

यामागचे गणित मोठे देखणे आहे. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडच्या तीन कोपऱ्यांतील चौकोनांवरून स्कॅनर त्याची दिशा ओळखतो, त्यामुळे पुस्तक आडवे धरले काय किंवा उलटे, वाचन तेच येते. इथे कार्डाची दिशा हेच उत्तर असल्यामुळे कोणतीही आकृती फिरवल्यावर स्वतःसारखी किंवा दुसऱ्या कार्डासारखी दिसता कामा नये. म्हणजे 40 मुलांसाठी 160 निरनिराळी रूपे हवीत. उदाहरणादाखल 5×5 घरांची जाळी घेतली, तर 25 घरे काळी-पांढरी रंगवण्याचे 2²⁵, म्हणजे 3,35,54,432 प्रकार होतात. पण नुसते वेगळेपण पुरत नाही, कारण मागच्या बाकावरच्या अंधूक उजेडात कॅमेरा एखादे घर चुकीचे वाचणारच. गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांनी 1950 मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार, कोणत्याही दोन रूपांत किमान 5 घरांचा फरक ठेवला, तर दोन घरे चुकीची वाचली गेली तरी मूळ रूपच सर्वांत जवळचे ठरते. एका रूपाभोवती अशी एक किंवा दोन घरे चुकलेली 25 + 300 = 325 रूपे राखून ठेवावी लागतात, मूळ रूप धरून 326; 160 रूपांसाठी मिळून 52,160 प्रकार अडतात, आणि सव्वातीन कोटींहून मोठ्या साठ्यातून ते जाणवतही नाहीत.

‘आपल्याला हे जमेल’ हा विश्वास सर्वाधिक बळावतो तो स्वतः काही जमवल्याच्या अनुभवातून, असे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये मांडले होते. कार्डावर दिलेले उत्तर बरोबर आले, की गप्प बसणाऱ्या मुलालाही तो अनुभव मिळतो. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चे वर्गही आत्मविश्वासच विकतात, पण तिथे मूल नाकालगतच्या फटीतून पाहते आणि जमते ती फक्त लपवाछपवी.

अर्थात, कार्डांमुळे मूल उत्तर देते होते, एवढेच. पुढचे काम शिक्षकांचे. भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांनी 1990 च्या दशकात हार्वर्डमध्ये रुजवलेली रीत इथे उपयोगी पडते: पहिल्या फेरीत उत्तरे विभागली गेली, तर बरोबर उत्तर न सांगता मुलांना शेजाऱ्याशी चर्चा करू द्यायची आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. तेव्हा निकाल वर्गाला पडद्यावर दाखवायचा झाला, तर एकत्रित आलेखच असावा; नावांसकट निकाल दाखवला, तर गप्प बसणारी मुले पुढच्या प्रश्नाला शेजाऱ्याच्या कार्डाकडे पाहू लागतील.