स्थूलताशस्त्रक्रिया

जठर लहान करून, लहान आतड्याचा काही भाग अन्नमार्गातून वगळून किंवा दोन्ही करून वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया. डॉक्टरांत ‘बॅरिॲट्रिक सर्जरी’ हे नाव रूढ आहे. ते ‘बारोस’ (भार) या ग्रीक शब्दावरून आले. बेळगावच्या सीमाभागात मराठी घरात ‘चरबी’ आणि कन्नड शेजाऱ्याकडे ‘बोज्जु’ हे शब्द चालतात. त्यामुळे ‘चरबीचे ऑपरेशन’ म्हटले की लायपोसक्शनशी (त्वचेखालची चरबी नळीने ओढून काढण्याशी) गल्लत होते. प्रत्यक्षात येथे चरबीला हात लावला जात नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय २१) अतिस्थूल हा आठ निंदितांपैकी (निंद्य मानलेल्या शरीरांपैकी) एक असून कृशापेक्षा त्याची चिकित्सा अवघड मानली आहे. उपचार आहार, जागरण, व्यायाम व बस्ती (औषधी एनिमा) यांचे, शस्त्रकर्म नाही.

आद्य शस्त्रक्रिया कोणाची, यावर एकमत नाही. स्वीडनचे व्हिक्टर हेन्रिकसन यांनी १९५२ च्या सुमारास लहान आतड्याचा भाग कापून काढल्याची नोंद आहे. अमेरिकेतील मिनेसोटात रिचर्ड व्हार्को यांनी १९५३ मध्ये आतड्याचा भाग न कापता वगळणारी जोडणी केली असे म्हणतात, पण ती त्यांनी प्रसिद्ध केली नाही. तेथीलच क्रेमेन व लिनर यांचा निबंध १९५४ चा. हेन्रिकसन यांचे काम कालदृष्ट्या आधीचे असले, तरी कापून काढणे आणि वगळणे यांत फरक आहे. पुढची परंपरा मिनेसोटाहून मोजणे अधिक सयुक्तिक वाटते. आतडे वगळण्याची ही पद्धत यकृतविकार व मूतखड्यांमुळे पुढे मागे पडली. व्रणासाठी (अल्सरसाठी) जठर कापलेले रुग्ण बारीक होतात, या निरीक्षणावरून आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी १९६० च्या दशकात जठर-बायपास (जठराचा लहान भाग थेट लहान आतड्याला जोडणे) आणला. आज अधिक प्रचलित असलेली स्लीव्ह शस्त्रक्रिया मुळात एका मोठ्या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा होती. तिच्यात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होत असल्याने भूकही मंदावते.

पात्रता शरीर-वस्तुमान निर्देशांकावर (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) ठरते. १९९१ च्या अमेरिकी परिषदेने ४० (१६० सेंमी उंचीला सुमारे १०२ किग्रॅ), किंवा आनुषंगिक आजार असल्यास ३५, ही मर्यादा घातली. २०२२ मध्ये शल्यविशारदांच्या संघटनांनी ती, आजार असो वा नसो, ३५ वर आणली. आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करावा असे सुचवले. भारतातील विमा नियम मात्र अजून जुन्याच आकड्यांना धरून आहेत.

शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे द्रव व मऊ आहार, पुढे प्रथिनांवर भर. बायपासनंतर गोड पदार्थ वेगाने आतड्यात उतरून घाम, धडधड, जुलाब होऊ शकतात. बेळगावचा कुंदा आणि गोकाकचा करदंट या मिठायांचा घासही त्यामुळे जपून. बी-१२ जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व आजन्म घ्यावे लागते. बेळगाव जिल्ह्यातील जैन व लिंगायत शाकाहारी रुग्णांत बी-१२ मुळातच कमी असण्याचा संभव असल्याने शस्त्रक्रियेआधीच त्याची तपासणी करतात.