एक तर टायर चपटा होईल, नाहीतर माती

जून संपता संपता पुतण्याचा फोन आला. त्याच्याकडे पिकअप आहे. परभणी जिल्ह्यातलं आमचं गाव ते मोंढा, या पट्ट्यात सोयाबीन, हळद, खताची पोती, लग्नसराईत मंडपाचं सामान, मिळेल ते भाडं तो मारतो. उन्हाळ्यात त्याने मागचे दोन्ही टायर बदलून ‘ऑल टेरेन’ टाकले होते. जाड ठोकळ्यांची नक्षी, बाजूला पांढरी ठसठशीत अक्षरं. फोटो मला तेव्हाच आला होता.

“काका, तुम्ही कॉलेजात मातीचाच विषय शिकवायचात ना? मग सांगा, अठरा हजार घालून गाडी पाणंदीत चेसीपर्यंत का बसली?”

बसली तेव्हा गाडी रिकामी होती. माल भरायला शेतात निघाली होती. आधी त्याने ॲक्सिलरेटर दाबून पाहिला, मग कुणीतरी म्हणालं म्हणून मागे चार पोरं बसवली, मग दगड टाकले. प्रत्येक उपायाने गाडी आणखी दोन बोटं खाली गेली. शेवटी ट्रॅक्टरने ओढून काढली.

मला या गोष्टीत रस वाटला तो दगडांमुळे. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजन टाका, हा सल्ला चुकीचा नाही. मुरमावर, वाळूत, घाटातल्या ओल्या डांबरावर तो लागू पडतो, कारण अशा बहुतेक गाड्यांत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळते आणि रिकामी असताना मागचा भाग हलका असतो. मग काळ्या मातीतच तो उलटा का पडला?

डांबरावर टायर घसरतो तेव्हा झिजतं ते रबर. मातीत टायर फिरतो तेव्हा तुटते ती माती. नक्षीचे ठोकळे मातीत घुसतात, मधल्या खाचा मातीने भरतात आणि गाडी पुढे ढकलण्यासाठी खाचांतली माती खालच्या मातीवर जोर लावते. म्हणजे झगडा रबर आणि माती यांचा राहतच नाही, तो माती आणि मातीचा होतो. ठोकळ्यांच्या टोकाशी जमिनीचा एक पातळ थर कातरला जातो. तो थर जेवढा जोर सोसेल तेवढीच तुमची पकड. त्यापुढे टायरचा कारखाना काहीही करू शकत नाही.

हा कातरण्याचा नियम शार्ल कूलॉम यांनी मांडला. शाळेत विद्युतभारांच्या नियमात भेटतात तेच कूलॉम. पेशाने ते फ्रेंच सैन्यातले अभियंते होते, किल्ल्यांच्या भिंती बांधणं हे त्यांचं काम. भिंतीमागची माती कधी घसरते याचा विचार करताना त्यांना हे सुचलं. त्यांचा निबंध १७७३ मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढे वाचला गेला आणि १७७६ मध्ये छापला गेला. टायरच्या भाषेत तो नियम असा होतो:

पकड = (मातीचा चिकटपणा × टेकलेलं क्षेत्रफळ) + (वजन × मातीच्या कणांमधलं घर्षण)

समीकरण पाहून पान उलटू नका, सगळी गंमत इथेच आहे. कोरड्या वाळूत चिकटपणा जवळजवळ शून्य, त्यामुळे पहिला कंस गळतो. उरतं वजन आणि घर्षण. मागे दगड टाकले की पकड वाढते. पाण्याने पूर्ण भिजलेल्या चिकण मातीत नेमकं उलट होतं. वरून वजन टाकलं की ते कणांवर जातच नाही, कणांमध्ये अडकलेल्या पाण्यावर जातं. चाक वरून जायला सेकंदभरही लागत नाही आणि तेवढ्यात त्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही. पाण्याला घर्षण कसलं? दुसरा कंस गळाला. उरतो चिकटपणा आणि क्षेत्रफळ. वजनाचं नावच समीकरणात नाही.

आता आकडे घालून बघू. समजा रिकाम्या पिकअपच्या मागच्या प्रत्येक चाकावर ३५० किलो भार आहे आणि हवा ३५ पीएसआय. पीएसआय म्हणजे चौरस इंचाला पौंड. आपल्या हिशेबात ३५ पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण अडीच किलो. ३५० भागिले अडीच, म्हणजे १४० चौरस सेंटिमीटर. टपालखात्याचं पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचं असतं, १२६ चौरस सेंटिमीटर. एवढ्या मोठ्या चाकाखाली जमीन लागते ती एका पोस्टकार्डाहून किंचित जास्त. बाकीचं चाक नुसतं फिरायला.

पोळ्याला गावी गेलो तेव्हा हे करूनच पाहिलं. जॅकवर चाक उचललं, नक्षीवर ओला गेरू फासला, खाली जाड कागद ठेवून चाक हळूच टेकवलं आणि पुन्हा उचललं. ठशाच्या कडेने रेघ मारून चौकटी मोजल्या: १३० चौरस सेंटिमीटर. हिशेबापेक्षा कमी, कारण थोडा भार हवेऐवजी टायरची कडक बाजू पेलते. मग हवा १८ पीएसआयवर आणली आणि दुसरा ठसा घेतला. २४० भरला. रुंदी तेवढीच, लांबी मात्र जवळजवळ दुप्पट. पुतण्या दोन्ही कागद शेजारी धरून बराच वेळ बघत राहिला.

आता जमिनीची बाजू. भिजलेल्या मऊ काळ्या मातीची कातरण सोसायची ताकद चौरस सेंटिमीटरला ०.२ किलो धरू. अशी माती वरून साधारण तिच्या सहापट दाब पेलते, म्हणजे १.२ किलो. टायर मागतोय अडीच. एवढा दाब माती देऊ शकत नाही, म्हणून टायर खाली जातो. आणखी माती अंगाला लागून क्षेत्रफळ दुप्पट होईपर्यंत जातच राहतो. म्हणजे भागाकार कोणालाच चुकत नाही. ३५० किलो १.२ च्या दाबाने पेलायचे तर २९० चौरस सेंटिमीटर लागणारच. ते एक तर टायर चपटा होऊन मिळतील, नाहीतर माती दबून.

माती दबून मिळाले तर चर पडतो आणि चाकाला सतत पुढची माती दाबत, स्वतःच खणलेल्या खड्ड्याचा चढ चढत राहावं लागतं. हा विरोध गाडीच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका सहज होतो. १,७०० किलोच्या गाडीला १७० किलो. आणि पकड? २९० गुणिले ०.२, म्हणजे एका चाकाला ५८ किलो, दोन्ही चाकांची मिळून ११६. गाडी बसली. चार पोरं मागे बसवली की टायर आणखी खाली जाईल, तेवढं क्षेत्रफळ जरूर वाढेल, पण चर खोल होऊन विरोध त्याहून वेगाने वाढेल. दगडांनी तेच केलं. हवा १८ वर आणली असती तर माती दबायच्या आधी टायरच पसरला असता, चर उथळ राहिला असता आणि त्याच ११६ किलोंत कदाचित निभावलं असतं.

राहिला प्रश्न त्या अठरा हजारांच्या नक्षीचा. काळ्या मातीतून पावसात चालत गेलेल्या कोणालाही याचं उत्तर पायांना ठाऊक आहे. दहा पावलांत चपलेखाली गोळा तयार होतो, वीस पावलांत माणूस वितभर उंच होतो. चपलेचा तळ कसला होता याला त्यानंतर काही अर्थ उरत नाही. टायरचं तेच. खाचा भरल्या की तो मातीचा गुळगुळीत रूळ. खाचेतली माती फेकायला चाक जोरात फिरावं लागतं. वेगमापकावर २० चा वेग दिसेल इतकं चाक फिरलं तर परिघावरच्या मातीला तिच्या वजनाच्या साधारण नऊपट जोराने बाहेर ओढलं जातं. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण खाचेतला सेंटिमीटरभर जाडीचा थर चौरस सेंटिमीटरला दोनच ग्रॅम भरतो. नऊपट म्हणजे अठरा ग्रॅम. काळी माती याहून घट्ट धरून बसते. खास चिखलाच्या टायरच्या खाचा जास्त रुंद आणि खोल असतात, त्या थोड्या लवकर मोकळ्या होतात. ऑल टेरेनच्या खाचा डांबरावर आवाज नको, गाडी हलायला नको, म्हणून मुद्दाम आवरलेल्या असतात.

आपली काळी माती एवढी चिवट का, तर तिच्यातलं माँटमोरिलोनाइट हे खनिज. वहीच्या पानांसारखे त्याचे अतिसूक्ष्म पापुद्रे असतात आणि पाणी थेट पानांच्या मध्ये शिरतं. असे पापुद्रे सुटे मोजले तर एका ग्रॅमचं पृष्ठफळ ७०० चौरस मीटरच्या पुढे जातं, म्हणजे चिमूटभर मातीत सहा-सात गुंठे जमीन. उन्हाळ्यात पाणी गेलं की पानं मिटतात आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत प्रामुख्याने केओलिनाइट आणि लोहाची संयुगं असतात, त्यात पाणी असं आत शिरत नाही. म्हणून रत्नागिरीकडे आंब्याच्या पेट्या वाहणारा जो टायर डोक्यावर घेऊन नाचेल, त्यालाच परभणीचा माणूस शिव्या घालेल. दोघंही खरं बोलत असतात.

कातरण्याचा हाच हिशेब चंद्रावरही चालला. मिएचिस्वाव बेकर हे पोलंडमध्ये वाढलेले अभियंते मऊ जमिनीवर वाहनं कशी चालतात याचा अभ्यास करत आणि अपोलो मोहिमांच्या चांद्रगाडीच्या रचनेत त्यांचा मोठा वाटा होता. १९७१ मध्ये अपोलो १५ बरोबर गेलेल्या त्या गाडीच्या चाकांत ना रबर होतं ना हवा. जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी तारांची विणलेली जाळी आणि तिच्यावर टायटॅनियमच्या पट्ट्या. जाळी भाराखाली चपटी व्हायची, म्हणजे आपल्या १८ पीएसआयचंच काम करायची.

दुकानात मात्र यातलं कोणी काही बोलत नाही. तिथे नायट्रोजन खपवला जातो. साधी हवा ७८ टक्के नायट्रोजनच असते. उरलेलं भरायला पैसे देऊन टायर थंड राहत नाही की ॲव्हरेज वाढत नाही. वायू कोरडा असतो आणि थोडा सावकाश गळतो, एवढाच फायदा, आणि महिन्यातून दोनदा हवा तपासणाऱ्याला तोही लागत नाही. काही टायरांवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह दाखवून जादा भाव सांगतात. ती बर्फावरची चाचणी आहे. परभणीत तिचा काय उपयोग? आणि ‘एम+एस’ म्हणजे चिखल आणि बर्फ, हे तर नक्षीच्या ठेवणीवरून कंपनीने स्वतःच लिहिलेलं असतं. लिंबाचं विचाराल तर नव्या चाकाखाली ते चिरडायला माझी हरकत नाही. अडीच किलोच्या दाबाला लिंबू तेवढं नक्की चिरडलं जातं.

घेताना मी बाजूच्या अक्षरांत आधी भारांक, म्हणजे एक टायर जास्तीत जास्त किती भार पेलेल हे सांगणारा आकडा, पाहतो. १०० म्हणजे ८०० किलो, १०९ म्हणजे १,०३० किलो, आणि तेही पूर्ण हवा असताना. कंपनीने दिलेल्या टायरपेक्षा भारांक कमी असेल तर नक्षी कितीही देखणी असो, टायर दुकानातच ठेवावा. मग माप. २१५/७५ आर १५ काढून २३५/७५ आर १५ टाकला तर व्यास ७०३ मिलिमीटरवरून ७३३ वर जातो. चाक मोठं झाल्याने मीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी साडेबासष्टने पळत असेल, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासतो का ते वेगळंच बघावं लागेल. डांबरावर ऑल टेरेन जरा जास्त डिझेल खातो. पावसात, गुळगुळीत डांबरावर ब्रेक मारला तर गाडी साध्या टायरपेक्षा थोडी पुढे जाऊन थांबते, कारण रस्त्याला टेकणारं रबर कमी आणि उंच ठोकळे वाकतात. मुरूम, खडी, टोकदार दगड आणि अर्धवट झालेले रस्ते हे त्याचं राज्य. तिथे ठोकळ्यांच्या कडा खड्यांत अडकतात आणि जाड बाजू लवकर फाटत नाही.

पुतण्याच्या फेऱ्यांपैकी बहुतेक अशाच रस्त्यांवरच्या आहेत, त्यामुळे टायर परत करायचा सल्ला मी दिला नाही. हवा उतरवायची ती रिकाम्या गाडीची, सावकाश चालवायची, १५ च्या खाली जायचं नाही, नाहीतर वळणावर टायर डिस्कवरून सुटतो. आणि डांबर लागलं की थांबून पुन्हा भरायची. कमी हवेत वेगाने पळवलेला टायर आतून तापून फुटतो. भरलेल्या गाडीची हवा उतरवायची नाही. भिजल्या शेतातून भरलेली पिकअप काढायची कुठलीच युक्ती माझ्याकडे नाही. तिथे माल ट्रॅक्टरने रस्त्यापर्यंत आणावा. त्याचं मागचं चाक मोठं, हवा कमी, ठोकळे बोटभर उंच. किंवा वाफसा येईपर्यंत थांबावं. पाणी उतरून कण पुन्हा एकमेकांना टेकले की दुसरा कंस परत येतो.

त्याने सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा पंप आणि हवा मोजायचं मीटर घेतलं. मीटर डॅशबोर्डवर गणपतीच्या शेजारी ठेवलंय आणि निघताना दोघांनाही हात लावतो. गेरूचे कागद मी मागितले होते. ते त्याने दिले नाहीत, केबिनमध्ये सीटच्या मागे चिकटवलेत. कोणी मागे दगड टाक म्हणालं की दाखवतो.