मिरजेचा तंबोरा आणि नागपूरचा मे महिना

तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूरच्या बाजूने. चवीला कडू, पण वाळला की कवच जाड आणि टणक. त्याला नाद देण्याची कारागिरी मिरजेत 1850च्या सुमारास रुजली. फरीदसाहेब शिकलगार हे हत्यारांना धार लावणाऱ्या घराण्यातले. इंग्रजी अमलात तलवारीची मागणी आटली आणि तोच सराईत हात तंतुवाद्यांकडे वळला. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

अजब बंगल्याच्या, म्हणजे जुन्या मध्यवर्ती संग्रहालयाच्या, नागपुरात असे जुने वाद्य जपायचे, तर शहराची हवा आधी पाहावी लागते. दांडी आणि तबली (भोपळ्यावरचे लाकडी झाकण) तुणीच्या लाकडाची, सांधे सरसाचे. मे महिन्यात पारा 45च्या वर जातो, हवा कोरडी पडते. लाकूड आकसते, तबली शिरेच्या रेषेत तडकते, सरस ठिसूळ होऊन भोपळा आणि दांडी जोडणारा गळ्याचा सांधा सुटतो. दिवसभर कूलर आणि रात्री बंद, असे झाले तर हवेचा ओलावा रोज वरखाली होतो. नुसत्या कोरडेपणापेक्षा हा हेलकावा जास्त घातक. पावसाळ्यात उलटे: सरस मऊ पडतो, भोपळ्याच्या आत बुरशी धरते. म्हणून दालनात कूलर नको. आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांत स्थिर ठेवावी, वाद्य बाहेरच्या भिंतीला टेकवू नये.

पंचम, दोन जोड आणि खर्ज या चारही तारा काढून टाकणे चूकच. दांडी वर्षानुवर्षे ताणाला सरावलेली असते. घोडी (तबलीवरची, तारा पेलणारी पट्टी) जागेवर राहील एवढ्या तारा सैल कराव्यात.

सर्वांत मोठे नुकसान मात्र हवा करत नाही, 'वाजता करून ठेवू' ही हौस करते. घोडीच्या माथ्यावरचा बाक कानसून जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, काढतात. संग्रहातल्या तंबोऱ्यावर कानस चालली की जुन्या कारागिराने दिलेला बाक आणि तारांनी पाडलेल्या खाचा कायमच्या जातात. त्या काळी जवारी कशी लावत, याचा पुरावाच तो. नक्षीचेही तसेच. जुन्या वाद्यांवर हस्तिदंत, पुढे सेल्युलॉइड. निखळलेला तुकडा नव्या प्लॅस्टिकने भरला तर काळ ओळखण्याची खूण हरवते. तुकडा पाकिटात, क्रमांकासह, वाद्याच्या नोंदीबरोबर ठेवावा. सेल्युलॉइड असेल तर पाकीट हवाबंद नको, कारण त्यातून निघणारी आम्लाची वाफ आतच कोंडते आणि तुकडा आणखी लवकर कुजतो.