फ्लॅक

फ्लॅक हे डिजिटल ध्वनी काहीही न गमावता कमी जागेत साठवण्याचे खुले मानक आहे. ‘फ्री लॉसलेस ऑडिओ कोडेक’ या पूर्ण नावाच्या आद्याक्षरांवरून ते ओळखले जाते. एमपी३सारख्या पद्धती कानाला सहसा जाणवणार नाही असा ध्वनीचा भाग टाकून देतात आणि टाकलेले पुन्हा मिळत नाही. फ्लॅकची फाइल उलगडली की मूळ ध्वनीतला प्रत्येक बिट जसाच्या तसा हाती येतो. डिसेंबर २०२४ मध्ये इंटरनेटची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सने आरएफसी ९६३९ या क्रमांकाखाली त्याचा तपशील प्रसिद्ध केला.

सीडीवरच्या ध्वनीत दर सेकंदाला प्रत्येक वाहिनीचे ४४,१०० नमुने, म्हणजे त्या त्या क्षणी मोजलेल्या ध्वनिलहरीचे आकडे, असतात. प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि वाहिन्या दोन, डावी आणि उजवी. म्हणजे एका मिनिटाला १ कोटी ५ लाख ८४ हजार बाइट. तासभर चाललेला ख्याल ६३५ मेगाबाइट जागा घेतो. अशी फाइल झिप केली तर फारसा फरक पडत नाही. कारण झिप एकसारख्या अक्षरमालिका शोधते आणि ध्वनीत तंतोतंत तेच आकडे क्वचितच परत येतात. तानपुऱ्याची तीच तार पुन्हा छेडली आणि कानाला ती तशीच वाटली, तरी नमुन्यांचे आकडे वेगळे पडतात.

म्हणून फ्लॅक आकडे जुळतात का हे पाहत नाही, पुढचा आकडा काय असेल याचा अंदाज बांधतो. समजा ओळीने आलेले तीन नमुने १००, ११२ आणि १२३ आहेत. शेवटच्या दोघांमधून सरळ रेष पुढे नेली तर चौथा १३४ यायला हवा. प्रत्यक्षात आला १३३. आता १३३ लिहून ठेवण्याची गरज नाही, ‘उणे एक’ एवढी चूक लिहिली की पुरे. उलगडणारा प्रोग्राम तोच अंदाज बांधतो, त्यात चूक मिळवतो आणि मूळ आकडा परत मिळवतो. सगळी आकडेमोड पूर्णांकांत होत असल्याने यंत्र कोणतेही असो, उत्तर एकच येते. सरळ रेषेचा हा अंदाज फ्लॅकमधल्या ठरलेल्या सोप्या सूत्रांपैकी एक. याशिवाय मागच्या ३२ नमुन्यांपर्यंत प्रत्येकाला वेगळे वजन देऊन अधिक बारीक अंदाज करण्याचीही सोय आहे. ही वजने ध्वनीच्या प्रत्येक तुकड्यासाठी नव्याने काढून त्या तुकड्यासोबतच साठवली जातात. प्रचलित प्रोग्राम एका तुकड्यात बहुधा ४,०९६ नमुने घेतो.

उरलेल्या चुका लहान असतात, त्यामुळे त्या राइस संकेतनाने थोड्या बिटांत मावतात. रॉबर्ट राइस यांनी ही पद्धत १९७०च्या दशकात अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत विकसित केली. तिच्यात लहान संख्येला लहान संकेत मिळतो आणि मोठीला लांब. संकेताची लांबी चुकांच्या नेहमीच्या आकाराप्रमाणे बेतणारी एक संख्या, म्हणजे मापदंड, आधी निवडावी लागते. योग्य मापदंड निवडला तर ५ ही चूक १६ऐवजी केवळ ५ बिटांत बसते. मापदंड चुकला तर हाच फायदा नाहीसा होतो, म्हणून एका तुकड्याचे आणखी भाग पाडून प्रत्येकासाठी वेगळा मापदंड ठेवता येतो.

किती जागा वाचेल हे यामुळेच संगीतावर अवलंबून असते. शांत आलाप आणि त्यामागचा संथ तानपुरा यांचा अंदाज सहज लागतो. झांजांचा कल्लोळ किंवा टाळ्यांचा कडकडाट यांचा लागत नाही. साधारणपणे फाइल मूळच्या अर्ध्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत उतरते. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांच्या बाबतीत मात्र एक उलटा अनुभव येतो. ध्वनिमुद्रण एकाच वाहिनीचे, आवाजाचा पल्ला मर्यादित, तेव्हा फाइल छोटी व्हायला हवी. पण सुईच्या खरखरीचा अंदाज बांधता येत नाही आणि फ्लॅक तीही इमानाने जपतो. दोन वाहिन्या सारख्या असतील तर त्यांच्यातला फरक शून्य येतो आणि दुसरी वाहिनी जवळजवळ फुकट साठवली जाते. तबकडी स्टिरिओ सुईने वाजवली की खरवडलेली खाच दोन बाजूंना निरनिराळी वाजते आणि ही बचत हातची जाते. तरीही अशा संग्रहात खरखरीसकट मूळ प्रत ठेवणेच योग्य. खरखर काढण्याची साधने पुढे सुधारतील, पण आज पुसलेला सूर तेव्हा परत येणार नाही.

फ्लॅकचा सर्वांत मोलाचा गुण जागेच्या बचतीत नाही. ‘काहीही गमावले नाही’ हे त्याचे म्हणणे कोणालाही पडताळून पाहता येते. फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत संकुचित न केलेल्या संपूर्ण ध्वनीची एमडी५ खूण, म्हणजे सगळ्या आकड्यांवरून काढलेली आणि एक बिट बदलला तरी बदलणारी छोटी संख्या, नोंदवता येते. फाइल उलगडून ही खूण पुन्हा काढायची आणि जुन्या खुणेशी ताडायची. शिवाय प्रत्येक तुकड्याला स्वतःची तपासणी संख्या असते, त्यामुळे डिस्क बिघडून काही बाइट खराब झाले तर नुकसान कुठे झाले ते कळते आणि बहुतेक वेळा ते त्या तुकड्यापुरतेच राहते. संग्रहपालाला यापेक्षा अधिक दिलासा दुसरा कोणता हवा?

जॉश कोल्सन यांनी हे काम २००० साली सुरू केले. पहिली स्थिर आवृत्ती २० जुलै २००१ रोजी आली आणि २००३ मध्ये प्रकल्प ध्वनी-चित्राची खुली स्वरूपे सांभाळणाऱ्या झिफ डॉट ऑर्ग फाउंडेशनच्या छत्राखाली आला. कॉपी रोखणारी कुलपे त्यात कधीच घातली गेली नाहीत. ॲपलने स्वतःचे लॉसलेस स्वरूप २००४ साली आणले आणि २०११ मध्ये त्याचा स्रोत खुला केला. पुढे २०१७ साली ॲपलच्या फोनवरील आयओएस ११ या प्रणालीत फ्लॅकही वाजू लागले. अशा दोन स्वरूपांमध्ये कितीही वेळा रूपांतर केले तरी ध्वनी झिजत नाही, कारण दोन्हींकडून तेच आकडे परत मिळतात.

फाइल तयार करताना ० ते ८ असे स्तर निवडता येतात. वरच्या स्तराला जास्त वेळ लागतो आणि फाइल थोडी लहान होते, मात्र गुणवत्ता सगळीकडे एकच. आठव्या स्तराचा फ्लॅक ‘जास्त चांगला वाजतो’ हा समज चुकीचा आहे. वाजवताना लागणारे कष्टही फारसे बदलत नाहीत, कारण अंदाजाची उत्तम वजने शोधण्याचे जड काम एकदाच, बनवणाऱ्याकडे झालेले असते.

दुसरा गैरसमज अधिक नुकसानकारक आहे. एमपी३ फाइलचे फ्लॅकमध्ये रूपांतर केल्याने गेलेला ध्वनी परत येत नाही, केवळ फाइल फुगते. एमडी५ खूणही तिथे बिनचूक जुळेल, कारण ती फ्लॅककडे जे सोपवले गेले त्याचीच साक्ष देते. अशा फाइलचा वर्णपट, म्हणजे कोणत्या कंपनसंख्येचा ध्वनी किती आहे याचा आलेख, काढला तर पुष्कळदा सोळा हजार हर्ट्झच्या आसपास वरचा भाग कापल्यासारखा रिकामा दिसतो. जुन्या ध्वनिमुद्रणात तिथे मुळातच काही नसू शकते, त्यामुळे एवढ्या एका खुणेवरून निकाल देता येत नाही. मूळ तबकडी किंवा फीत कोणती, ती केव्हा आणि कोणत्या यंत्रावर वाजवली, ही नोंद म्हणून फाइलसोबत असावी. फ्लॅकमध्ये अशा मजकुरासाठी आणि तबकडीवरच्या चिठ्ठीच्या छायाचित्रासाठीही जागा राखलेली आहे.