उपकारस्तुती: प्रार्थनेतला हा शब्द आला कुठून?

चर्चच्या बाहेर हा शब्द कोणी बोलत नाही. दुकानात आपण थँक्यू म्हणतो, फारच झालं तर आभारी आहे म्हणतो, पण मराठी ख्रिस्ती घरात कोणी डोळे मिटले की "प्रभू, तुझी उपकारस्तुती करतो" हे आलंच. लहानपणी मला वाटायचं की अर्जावर जसं "माननीय महोदय" लिहितात तसंच हेही, सुरुवात करायची म्हणून करायची. पण याच्या मागे जायला लागलं की थेट दोन-अडीच हजार वर्षं मागे जावं लागतं, आणि गंमत म्हणजे तिथे शब्दांच्या आधी जेवण सापडतं.

हिब्रूत शब्द आहे तोदा. आज इस्राएलमध्ये कोणी चहाचा कप हातात दिला तरी तोदाच म्हणतात. बायबलच्या जुन्या करारात मात्र तोदा म्हणजे एक अर्पण होतं, लेवीय पुस्तकाच्या ७ व्या अध्यायात त्याचे नियम आहेत. जनावराचं मांस, सोबत बेखमीर पोळ्या, खमीर घातलेल्या भाकरी, आणि अट अशी की मांस त्याच दिवशी संपलं पाहिजे, सकाळपर्यंत काही उरवायचं नाही. आता एक कुटुंब एवढं एका दिवसात कसं खाणार? म्हणजे शेजारीपाजारी, नातेवाईक, गावातली गरीब माणसं, सगळ्यांना बोलवावंच लागणार, आणि बोलावलं की ते विचारणार काय झालं रे बाबा, कशाबद्दल हे जेवण, मग आपल्यावर काय संकट आलं होतं आणि देवाने कसं सोडवलं हे सांगणं आलंच. नियमात असं कुठे लिहिलेलं नाही, हा माझा अंदाज, पण मला तो पटतो.

जुन्या करारातच अनुवाद नावाचं पुस्तक आहे, त्याच्या २६ व्या अध्यायातही तेच. पहिलं पीक टोपलीत घालून याजकापुढे, म्हणजे पुजाऱ्यापुढे, न्यायचं आणि नुसतं "घे देवा" म्हणायचं नाही, तर माझा बाप भटकणारा अरामी होता, आम्ही मिसरात गुलाम होतो, तिथून देवाने बाहेर काढलं अशी सगळी कहाणी म्हणायची. टोपली भरलेली असताना आपण कधीकाळी उपाशी होतो हे तोंडाने बोलायचं. स्तोत्र १३६ मध्ये २६ ओवी आहेत आणि प्रत्येक ओवीच्या शेवटी एकच पालुपद, त्याची दया सनातन आहे. आपल्याकडे भजनात टाळकरी धृपद उचलतात ना, अगदी तसंच वाटतं ते.

मग ग्रीक. नव्या करारात आभार मानण्यासाठी जो शब्द आहे त्यावरूनच युखारिस्त हे नाव आलं, म्हणजे कॅथलिक ज्याला मिस्सा म्हणतात आणि प्रोटेस्टंट प्रभुभोजन म्हणतात त्याचं जुनं नाव. अथेन्समध्ये आजही माणसं थँक्यूला एफखारिस्तो म्हणतात, तोच शब्द. म्हणजे ख्रिस्ती उपासनेतल्या सगळ्यात मोठ्या विधीचं नावच मुळात "आभार" असं आहे. येशूने भाकर घेतली, आभार मानले, मोडली आणि दिली. आता यातली वेळ बघा. प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्पष्ट म्हटलंय की हे ज्या रात्री त्याला धरून दिलं त्या रात्रीचं आहे. आपण पेपर चांगला गेला की, रिपोर्ट नॉर्मल आला की आभार मानतो, इथे सगळं बिघडणार हे माहीत असताना मानलेत. अर्थात ज्यू घरात भाकरीवर देवाचा धन्यवाद म्हणणं ही रोजची पद्धत होतीच, त्याने काही नवीन शोधलं नव्हतं, पण त्या रात्रीही ती सोडली नाही.

सुरुवातीचे ख्रिस्ती हे कसं करायचे याचा एक छान पुरावा उशिरा हाती लागला. दिदाखे नावाची छोटी पुस्तिका, साधारण पहिल्या शतकाच्या शेवटची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची, तिची हस्तलिखित प्रत १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडली आणि १८८३ मध्ये छापली गेली. तिच्यात आभाराच्या प्रार्थना आहेत, आधी प्याल्यावर मग भाकरीवर, आणि त्यात डोंगरांवर विखुरलेलं धान्य गोळा होऊन एक भाकर झाली तशी तुझी मंडळी, म्हणजे चर्च, एक होवो असं मागणं आहे. इथेही धान्य आहेच! पुढे साधारण १५५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिन नावाचा ख्रिस्ती लेखक लिहितो की उपासना चालवणारा पुढारी जमेल तितकं लांब आभार मानतो, लोक आमेन म्हणतात, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी वाटा पोचवला जातो. (जमेल तितकं लांब, ही परंपरा आमच्या काही पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, फारच मनापासून जपलीय.)

आभाराची दुसरी बाजूही आहे, ती लपवू नये. जर्मनीत आयलेनबुर्ग गावात मार्टिन रिंकार्ट नावाचा पाळक होता, तीस वर्षांचं युद्ध चालू होतं, १६३७ मध्ये प्लेग आला, बाकीचे पाळक मेले नाहीतर निघून गेले आणि त्या एका वर्षात या माणसाने ४००० च्या वर लोकांना मूठमाती दिली, त्यात त्याची बायकोही होती. सगळ्यांनी देवाचे आभार माना हे जर्मन गीत त्याचंच. ते प्रेतांच्या मध्ये बसून लिहिलं असं बरेच जण सांगतात, पण अभ्यासक ते प्लेगच्या आधीचं मानतात, बहुधा घरच्यांनी जेवताना म्हणायचं म्हणून केलेलं. मला तर हेच जास्त खरं वाटतं, की ताटावर बसून म्हणायचं गाणं नंतर प्लेगच्या वर्षातही पुरलं. पण तेच गाणं ५ डिसेंबर १७५७ ला लॉयथनच्या लढाईनंतर प्रशियाच्या सैनिकांनी रणांगणावर म्हटलं असंही सांगतात. समोर हरलेल्यांची प्रेतं पडलेली असताना म्हटलेली ही कसली उपकारस्तुती, मला तरी ती ऐकवत नाही.

अमेरिकेचा थँक्सगिव्हिंग सगळ्यांना सिनेमामुळे माहीत आहे. १६२१ ची प्लिमथची मेजवानी तीन दिवस चालली, वाम्पानोआग या तिथल्या मूळ जमातीचा प्रमुख मॅसासॉइट आणि त्याच्यासोबत ९० माणसं होती, आणि आदल्या हिवाळ्यात आलेल्यांपैकी निम्मे गोरे मेले होते. दर वर्षीचा राष्ट्रीय सण मात्र लिंकनच्या १८६३ च्या घोषणेपासून चालू झाला, तोही ऐन यादवी युद्धात. चर्चमधला हार्वेस्ट फेस्टिव्हल वेगळा, तो इंग्लंडचा. कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो गावच्या हॉकर नावाच्या पाळकाने १८४३ मध्ये पिकासाठी खास आभाराची उपासना ठेवली, ती पद्धत पसरली आणि पुढे मिशनऱ्यांसोबत आपल्याकडेही आली.

आपल्याकडच्या कॅथलिकांना मात्र त्यासाठी इंग्रजांची वाट बघावी लागली नाही. मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन लोकांचा आगेरा हा पिकाचा सण बघा. वसईत पोर्तुगीज १५३४ ला आले, १७३९ ला चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले पण सण राहिला. ईस्ट इंडियन हे नाव तसं अलीकडचं, १८८७ मध्ये मुंबईत असोसिएशन निघाली तेव्हा रुळलेलं, माणसं मुळात इथलीच आणि बोली मराठीचीच. आगेरा हा शब्द लॅटिनमधल्या शेत या अर्थाच्या शब्दावरून आला म्हणतात. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भाताच्या लोंब्या वाजतगाजत आणतात, फादर आशीर्वाद देतात, मग त्या लोंब्या सगळ्यांना वाटतात आणि घरोघरी क्रूसापाशी ठेवतात. गोव्यात हेच कणसांचं फेस्त म्हणून ऑगस्टमध्ये होतं, ५ तारखेला राय गावच्या चर्चपासून सुरुवात. आता मुंबईत भातशेती कुठे उरलीय, टॉवरच्या सावलीतल्या कित्येक गावठाणांत लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात, तरी आणतात. कोणी म्हणेल हा नुसता देखावा झाला, पण मला ती अनुवादातली टोपली आठवते, तिथेही माणूस आपल्या हयातीत न घडलेल्या गुलामगिरीची गोष्ट स्वतःची म्हणून सांगतच होता की.

आणि नगर-सोलापूरकडच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत याला कापणीचा सण म्हणतात. ज्वारीची कणसं, ऊस, भोपळे, कोंबड्या, अंडी, कोणी घरचे लाडू, सगळं वेदीपुढे मांडतात, नारायण वामन टिळकांची भजनं होतात, उपदेश होतो आणि मग आवारात लिलाव. लिलावात एक मजा असते. पाच रुपयांचं लिंबू शंभराला जातं, घेणारा ते परत मंडळीला देऊन टाकतो, लिलाव पुकारणारा पुन्हा ओरडायला लागतो, आणि एकच भोपळा दुपारपर्यंत तीनदा विकला जातो.