बायबलमधील वंशावळी

बायबलमधील वंशावळी : यहुदी आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांत येणाऱ्या पूर्वजांच्या नामावळ्या. जुन्या करारात त्या मुख्यतः ‘उत्पत्ती’च्या ५, १० व ११ या अध्यायांत आणि ‘पहिला इतिहास’ या पुस्तकाच्या सुरुवातीच्या ९ अध्यायांत आहेत. नव्या करारात मत्तय व लूक यांच्या शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रकथनांत. पुष्कळ वाचक हीच पाने ओलांडून कथेकडे वळतात आणि कथेचा अर्धा अर्थ गमावतात.

उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायात आदामापासून नोहापर्यंत १० पिढ्या येतात. जवळजवळ प्रत्येक नोंद एकाच साच्यातली : अमुक वर्षांचा असताना मुलगा झाला, त्यानंतर अमुक वर्षे जगला, मग मरण पावला. आदाम ९३० वर्षे, मथुशलह ९६९. साचा इतका एकसुरी आहे की तो मोडला की लगेच जाणवते. सातव्या पिढीतल्या हनोखाच्या ३६५ वर्षांनंतर मरणाचा उल्लेखच नाही. तो देवाबरोबर चालत असे आणि देवाने त्याला नेले, एवढेच येते. या त्रोटक उल्लेखाच्या आधारावर पुढे हनोखाच्या नावाने स्वतंत्र ग्रंथ रचले गेले. चौथ्या अध्यायातल्या, आदामाचा मुलगा काइन याच्या वंशातही एक हनोख आणि एक लामेख आहे. तो लामेख ७७ पट सुडाची फुशारकी मारतो. पाचव्या अध्यायातला, म्हणजे आदामाचा दुसरा एक मुलगा शेथ याच्या वंशातला लामेख ७७७ वर्षे जगतो आणि नोहाचे नाव ठेवताना, शापित भूमीवरच्या कष्टांतून हा मुलगा दिलासा देईल अशी आशा बोलून दाखवतो. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्याशिवाय हा सवाल-जवाब ऐकू येत नाही.

याच आकड्यांची बेरीज करून आयर्लंडमधील आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये सृष्टीचा आरंभ इ.स.पू. ४००४ असा काढला. पण आदामापासून जलप्रलयापर्यंतचा काळ यहुदींच्या प्रमाण हिब्रू (मॅसोरेटिक) संहितेत १,६५६ वर्षे, शोमरोनी पंथाच्या संहितेत १,३०७, तर सेप्टुआजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतरात २,२००हून अधिक भरतो. प्राचीन मेसोपोटेमियातील सुमेरी राजावलीत जलप्रलयापूर्वीचा राजा अलुलिम एकटाच २८,८०० वर्षे राज्य करतो. त्यामानाने मथुशलह अल्पायुषीच!

वंशावळीला व्यवहारातही वजन होते. बाबेलमधील (बॅबिलोनमधील) बंदिवासातून परतलेल्या यहुदींपैकी काही याजक (पुरोहित) घराण्यांची नावे नोंदीत सापडली नाहीत, म्हणून त्यांना याजकपदापासून दूर ठेवल्याचे ‘एज्रा’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात येते.

मत्तय मात्र हाच शुद्धतेचा दाखला उलटा फिरवतो. अब्राहामापासून येशूपर्यंत १४ पिढ्यांचे ३ गट जुळावेत म्हणून तो योराम व उज्जीया यांच्यामधले ३ राजे गाळतो. हिब्रू अक्षरांच्या मूल्यांनुसार येशूचा पूर्वज राजा दावीद याच्या नावाची बेरीजही १४ होते. पुरुषांच्या या यादीत मरियेच्या आधी तो ४ स्त्रिया आणतो : सासऱ्याला फसवून वंश चालवणारी तामार, यरीहोची वेश्या राहाब, मवाबी रूथ आणि नावाऐवजी ‘उरीयाची बायको’ म्हणून ओळख दिलेली बथशेबा. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात मवाबी या परक्या लोकांना दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत प्रवेश नाकारला आहे, आणि खुद्द दावीद रूथचा पणतू.

लूक उलटा चढत थेट आदामापर्यंत, आणि तिथून देवापर्यंत पोचतो. त्याची वाट दाविदाचा मुलगा नाथान याच्याकडून जाते, मत्तयाची शलमोनाकडून. त्यामुळे मरियेचा पती योसेफ याचा बाप एकीकडे याकोब, दुसरीकडे एली. तिसऱ्या शतकात ज्युलियस आफ्रिकानस याने निपुत्रिक भावाच्या विधवेशी लग्न करण्याच्या यहुदी चालीवरून हा पेच सोडवला : एक बाप रक्ताचा, दुसरा कायद्याने. लूकची वंशावळ मरियेची असावी, असेही अनेकांनी मांडले. पण त्या यादीत तिचे नाव नाही.