सोलापूरच्या बाई आणि साउथॉलच्या बसगाड्या

सोलापूरच्या बाई शिक्षिका होत्या; इंग्लंडात त्यांनी स्थलांतरितांच्या मुलांना इंग्रजी आणि सुटीच्या दिवशी मराठी शिकवलं. त्यांच्या आठवणी सांगताना 'लग्न झालं आणि विलायतेला गेल्या' एवढ्यावर सगळे मोकळे होतात. पण त्या जाण्यामागे एक कायदा होता. १ जुलै १९६२ पासून भारतीयांना कामासाठी ब्रिटनला जायचं तर व्हाउचर, म्हणजे सरकारी परवाना, लागू लागलं. हाती नोकरी असेल तर 'अ' वर्ग, शिक्षक, डॉक्टर, इंजिनिअर यांना 'ब', बाकीचे 'क'. १९६५ मध्ये 'क' रद्द झाला आणि वर्षाची मर्यादा ८,५०० वर आली. व्हाउचरवाल्याच्या बायकोला वेगळं व्हाउचर लागत नसे. त्यामुळे इंजिनिअर नवऱ्याबरोबर गेलेल्या बाई कागदावर नुसत्या आश्रित. ज्या बी.एड.वर त्यांना स्वतःला 'ब' वर्गात अर्ज करता आला असता, ते ट्रंकेत राहिलं. बरोबर नेता येणारं परकीय चलन माणशी तीन पौंड.

तिथे पदवीला मान्यता मिळणं वेगळं आणि वर्ग मिळणं वेगळं. उच्चाराचं कारण सांगून परत पाठवलेले भारतीय शिक्षक तेव्हा कारखान्यात उभे राहत, बस चालवत. १९६६ च्या एका कायद्याच्या ११ व्या कलमाने स्थलांतरितांसाठी नेमलेल्या जादा माणसांच्या पगाराला सरकारी अनुदान दिलं. बाईंसारख्यांना दार उघडलं ते या कलमामुळे, आणि तेही मुख्य वर्गाचं नव्हे, इंग्रजी शिकवायच्या बाजूच्या खोलीचं.

खरा वादाचा निर्णय त्याआधीचा. ऑक्टोबर १९६३ मध्ये साउथॉलच्या, म्हणजे पश्चिम लंडनमधल्या भारतीय वस्तीच्या भागातल्या, गोऱ्या पालकांनी शिक्षणमंत्र्यांपुढे आपल्या मुलांसाठी वेगळे वर्ग मागितले. मंत्र्यांनी ती मागणी फेटाळली आणि दुसरा तोडगा काढला: एका शाळेत स्थलांतरितांची मुलं साधारण एक तृतीयांशाच्या वर जाऊ द्यायची नाहीत, जास्तीची दूरच्या शाळांत पाठवायची. जून १९६५ च्या परिपत्रकाने हेच धोरण देशभर सुचवलं. लंडनच्या मध्यभागाने आणि बर्मिंगहॅमने ते मानलं नाही. साउथॉल आणि ब्रॅडफर्डने मानलं. समर्थकांचं म्हणणं, गोऱ्या मुलांत मिसळली की मुलं इंग्रजी लवकर उचलतील. ऐकायला ठीक. पण ही मुलं नेणाऱ्या बसगाड्या एकाच दिशेने भरून जात. गोऱ्या वस्तीतलं एकही मूल त्यांतून साउथॉलला येत नसे. पाच वर्षांचं पोर सकाळी बसमध्ये चढायचं. शाळा सुटली की गाडी उभीच, म्हणजे खेळायला थांबणं नाही. मध्येच ताप आला तर आईला तिथवर पोचणं कठीण. शिवाय मोजणी भाषेची होतच नव्हती. इंग्लंडात जन्मलेलं, चुरूचुरू इंग्रजी बोलणारं मूलही रंगावरून गाडीत जायचं. मिसळण्याचं सगळं ओझं एकाच बाजूच्या पोरांवर, हे मला आजही पटत नाही.

बाईंना त्याचं नवल जास्त वाटलं असणार, कारण त्या सोलापूरच्या. आपल्याकडे सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या मुलाच्या घरी तेलुगू, शेजारी कन्नड, पलीकडे उर्दू. यांतली कितीतरी मुलं मराठी शाळेत येतात, पहिल्या सहामाहीत अडखळतात आणि पुढे गॅदरिंगमध्ये पोवाडा म्हणतात. वर्गात अमुक टक्क्यांवर तेलुगू मुलं नकोत, असं काही इथे कुणी काढलं नव्हतं. अर्थात आपल्याकडे फळ्याजवळचा बाक कुणाला मिळतो, हा वेगळा आणि अप्रिय विषय आहे.

साउथॉलच्या गाड्या थांबायला १९८० चं दशक उजाडलं, तेही पालकांनी तक्रारी लावून धरल्यावर. १९८५ च्या सरकारी अहवालाने बाजूच्या खोल्याही नकोत, इंग्रजी मुख्य वर्गातच शिकवा, असं सांगितलं. त्याच अहवालाने मातृभाषा टिकवण्याचं काम मात्र शाळांवर न टाकता त्या त्या समाजावर सोपवलं. मराठी माणसांचं मंडळ लंडनमध्ये १९३२ पासून होतं, पण गणपती बसवणं सोपं आणि दर आठवड्याला बाराखडी घोटून घेणं अवघड. बाईंचे सुटीच्या दिवशीचे मराठीचे वर्ग या दुसऱ्या कामातले, विनापगारी.